जाताना पाय ओढते, येताना थांबत नाही

या वेळचं पत्र साताऱ्याकडच्या एका ताईंचं आहे, मोठं आहे म्हणून थोडक्यात देते. मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून त्यांनी सात वर्षांची काठेवाडी घोडी घेतली. शेतावर आधीपासून एक म्हातारा खच्ची घोडा आहे, दोघांना शेजारी शेजारी बांधतात. ताई रोज पहाटे ऑफिसच्या आधी घोडीवर बसून कालव्याच्या रस्त्यानं टेकडीवरच्या देवळापर्यंत जातात, साधारण ४ किलोमीटर. जाताना घोडी पाय ओढत चालते, प्रत्येक मोरीपाशी थांबते, तासभर लागतो. देवळापाशी वळवली की वेगळंच जनावर, नाचायला लागते, लगाम खेचून खेचून ताईंचे हात सोलवटतात आणि २०-२५ मिनिटांत शेडमध्ये हजर. चुलत सासरे म्हणतात काटेरी लगाम घाल, शेजारचे म्हणतात एकदा दमेपर्यंत पळू दे, नवरा म्हणतो विकून टाकू. ताईंचे प्रश्न दोनच आहेत, ही खोड जाते का, आणि अकरा वर्षांच्या मुलीला हिच्यावर बसवायचं का.

ताई, आधी हे ऐका की तुमच्या घोडीत खोट नाहीये. जाताना मागे आणि येताना पुढे हे घोड्यांमध्ये इतकं सगळीकडे दिसतं की ज्यानं चार दिवस घोडा सांभाळलाय त्याला ते सांगायला लागत नाही. माथेरानला बघा, तिथे मोटारी बंद, माणसं दस्तुरीपासून घोड्यावर बसून वर जातात, आणि संध्याकाळी आपल्या तबेल्याकडे निघालेला घोडा सकाळी त्याच वाटेनं कसा चालत होता ते आठवून बघा, तोच घोडा वाटत नाही. शेतावरचे बैल दिवसभर कितीही दमलेले असू देत, गाडीचं तोंड घराकडे झालं की कासरा हलवायचीसुद्धा गरज पडत नाही, ते तर तुम्ही रोजच बघत असाल.

पण तुम्ही दिलेले आकडे मी मांडून बघितले आणि मला तिथेच खरी गोष्ट दिसली. मोकळ्या चालीनं चालणारं घोडं तासाला ६ ते ७ किलोमीटर जातं. तुमची घोडी जाताना ४ च्या वेगानं चालतीये आणि येताना १०-१२ च्या, म्हणजे येताना ती जवळजवळ सगळी वाट दुडकीवर येतीये. तुम्ही सगळं पत्र येतानाच्या घाईबद्दल लिहिलंय आणि जातानाचं एका ओळीत उरकलंय. माझं म्हणणं असं आहे की दुखणं जातानाच्या त्या तासात आहे. जाताना ती सुखानं चालायला लागली ना, तर येतानाची अर्धी घाई आपोआप उतरते, आणि जाताना ती अशीच राहिली तर येताना तुम्ही कितीही लगाम खेचा, काही होणार नाही.

का ते सांगते. घोडं कळपाचं जनावर, आणि शिकार होणारं जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या अगदी मागे एवढंच काय ते दिसत नाही, बाकी सगळीकडचं एकाच वेळी दिसत असतं, कान दोन दिशांना वेगवेगळे फिरतात. एकट्यानं घराबाहेर पडलेल्या घोडीला मोरीतलं पाणी, कालव्याच्या कडेला उडणारी प्लॅस्टिकची पिशवी, झाकून ठेवलेला ट्रॅक्टर, प्रत्येक गोष्ट आधी तपासून घ्यायची असते, कारण तपासायला बरोबर दुसरं कोणी नसतं. आणि मागे शेडमध्ये तो म्हातारा घोडा खिंकाळत असणार, तुम्ही लिहिलं नाहीये पण मी पैजेवर सांगते, निदान पहिला अर्धा किलोमीटर तरी त्याचा आवाज तिला ऐकू येत असणार, तुम्हाला येवो न येवो.

आता येतानाचं बघा. वाट तपासून झालेली, पुढे जोडीदार, आणि घरी पोचल्या पोचल्या काय होतं ते तुम्हीच लिहिलंय, खोगीर उतरतं, लगाम निघतो, पाणी मिळतं आणि लगेच चंदीची, म्हणजे दाण्याची, बादली पुढे येते. म्हणजे जगात तिला आवडणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच जागी, एकाच दहा मिनिटांत. आणि देवळापाशी? तिथे काहीच नाही, तुम्ही वळवता आणि निघता. डिसेंबरपासून रोज तोच रस्ता, तेच वळण. एक काम करा, उद्या देवळाच्या अलीकडे २०-२५ पावलांवर तिचे कान बघा. माझ्या अंदाजानं इतका वेळ मागे-बाजूला फिरणारे कान तिथे स्थिर होतील, मान जरा उंच होईल, श्वास तोकडा होईल आणि तुमच्या मांडीखाली पाठ घट्ट झालेली जाणवेल, आणि हे सगळं तुम्ही लगामाला हात लावायच्या आधी. तिला ते झाड, तो दगड, तुम्ही जिथून वळवता तो नेमका पाठ झालेला आहे. घोडी जागा विसरत नाहीत, एकदा जिथे चारा मिळाला ती जागा आणि एकदा जिथे भीती वाटली ती जागा, दोन्ही.

आणि घर विकत घेऊन मिळत नाही हेही लक्षात घ्या. ती कुठल्या तरी दुसऱ्या गावातून, दुसऱ्या घोड्यांतून उचलून यात्रेत आली, तिथून ट्रकमधून तुमच्याकडे. इतक्या कमी महिन्यांत तिनं तुमच्या शेडला आपलं घर मानलंय म्हणून तर ती तिकडे धावतीये. विकायचा विचार निदान या कारणासाठी तरी करू नका, पुढच्या मालकाकडे ती हेच करेल आणि तो कदाचित तिला पत्रही लिहायच्या लायकीचं समजणार नाही.

आता कामाला लागू, पण लगामाच्या आधी अंग तपासायचं. हे टाळू नका, कारण दुखणारं घोडं आणि हट्टी घोडं वरून सारखंच दिसतं.

दात पहिले. घोड्याचे दात आयुष्यभर हळूहळू वर येत राहतात आणि चावून चावून झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांना गालाच्या बाजूनं आणि खालच्यांना जिभेच्या बाजूनं धार येते. त्या धारेवर गाल दाबला गेला, किंवा लगामाची तोंडातली कडी जिथे बसते तिथे छोटा दात असला, की लगाम खेचल्यावर घोडी डोकं वर टाकून पुढे सुटते, थांबत नाही. घोड्यांचं काम करणारा पशुवैद्य बोलवा, वर्षातून एकदा दात बघायलाच हवेत, आणि यात्रेतून आणलेल्या जनावराचे शेवटचे कधी बघितलेत कुणाला माहीत.

मग खोगीर. घरी आल्यावर खोगीर उतरवलं की लगेच खरारा करू नका, आधी घामाचा छाप बघा. सगळीकडे सारखा ओला असेल तर ठीक, पण घामानं भिजलेल्या पाठीवर मधेच एखादा कोरडा चट्टा दिसला तर तिथे दाब पडतोय. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी सावकाश दाबत जा, कुठे पाठ खाली सोडते, कुठे कातडी थरथरते, कान मागे टाकते का बघा. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला वळते का तेही. तुमचं देऊळ टेकडीवर आहे, म्हणजे येताना सुरुवातीला उतार, आणि ज्या घोडीची पाठ किंवा मागचे सांधे दुखतात ती उतारावर स्वतःला तोलून धरू शकत नाही म्हणून घाईनं खाली येते. उतार संपल्यावरही घाई तितकीच असेल तर ती घराची ओढ, उतारावरच जास्त असेल तर पशुवैद्याला पाठ आणि पाय दाखवा. नालबंदाला पण विचारा, तळवा दुखत असेल तर खडीच्या रस्त्यावर चालायला ती नाखूश असणारच.

आणि एक गोष्ट जी बहुतेक जण करत नाहीत. तुम्ही पहाटे निघता, म्हणजे रिकाम्या पोटी. माणसाच्या पोटात खाल्लं की आम्ल जास्त सुटतं, घोड्याच्या पोटात ते चोवीस तास सुटत असतं, खाल्लं काय नि नाही काय, कारण त्याचं शरीर दिवसरात्र चरण्यासाठी झालेलं आहे. त्या आम्लाला शांत करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. त्यात जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून जपणारं अस्तर नसतं, घोडी दुडकीवर गेली की ते आम्ल तिथपर्यंत उसळतं. शेडमध्ये बांधून ठेवलेल्या आणि दोन वेळा चंदीवर पोसलेल्या घोड्यांत पोटातल्या जखमा खूप दिसतात त्या याच्यामुळे. म्हणून निघायच्या अर्धा तास आधी चांगलं दोन-तीन ओंजळी कोरडं गवत किंवा कुटी घाला, धान्य नाही, फक्त चारा. उपाशी घोडी बाहेर जायला कंटाळते आणि घरी यायला धावते, त्यात नवल काय. नुसत्या एवढ्यानं फरक पडलेली घोडी मी पाहिलीये, सगळ्यांत नाही पडत, पण ज्यांच्यात पडतो त्यांच्यात दहा-पंधरा दिवसांत कळतो.

काटेरी लगामाबद्दल तुमच्या सासऱ्यांना माझ्याकडून नमस्कार सांगून एवढं सांगा की तो घालणं कायद्यानंच बंद आहे, ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीचे १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात टोकदार, काटे असलेली कडी आणि साज वापरायला मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तोंडात काटे टोचले की घोडी थांबत नाही, दुखण्यापासून पळते, आणि पुढे वाट नसेल तर पुढचे पाय उचलून उभी राहते. मला जास्त काळजी वाटते ती याची.

दमेपर्यंत पळवायची युक्ती तर त्याहून वाईट, ती घरापर्यंत पळायला शिकेल, आणि रोज पळवलं तर दमणारच नाही, दम वाढेल. शिवाय तुमच्या वाटेत गाड्या असतात.

आता हात सोलवटण्याचं. तीनशे-साडेतीनशे किलोची घोडी आणि तुम्ही, दोन्ही हातांनी लगाम सतत ताणून धरला तर ताकदीत तुम्ही हरणारच, आणि ती मान ताणून त्या ताणावर टेकून चालायला लागते, तुम्ही तिला टेकू देता. घोड्याला ताण कळत नाही, ताण सुटलेला कळतो. म्हणून बोटं मिटा, एक-दोन पावलं वाट बघा, आणि तिनं किंचित जरी वेग कमी केला की त्याच पावलाला बोटं सैल सोडा. परत पुढे झाली, परत मिटा, परत सोडा. हे सोडणं उशिरा झालं तर ती काहीच शिकत नाही, सगळी गोम तिथेच आहे. आणि श्वास पूर्ण सोडा, बुड खोगिरात जड टेकवा, पाय सैल ठेवा, कारण घाबरलेलं माणूस पुढे झुकतं आणि पोटऱ्या आवळतं, आणि घोडीच्या भाषेत त्याचा अर्थ चल असाच आहे.

तुम्ही लिहिलंय की ती नाचायला लागते, थुईथुई, ना धड चालते ना धड दुडकते. सारंगखेड्याची यात्रा, त्यामुळे एक शंका येते. तिथे विकायला येणाऱ्या पुष्कळ घोड्यांना लग्नासाठी नाचायला शिकवलेलं असतं, आणि ते शिकवताना लगाम वर ताणून ठेवून खालून टाच किंवा काठी लावतात. तुम्ही येताना घाबरून लगाम ताणता आणि पाय आवळता, तर तिला कदाचित वाटत असेल की नाचायला सांगतायत आणि ती बिचारी शिकवलेलं करून दाखवतीये. हे तपासायला सोपं आहे, शेतातच, शांत असताना, लगाम जरा वर घेऊन हलकी टाच लावून बघा. तिथेही पाय उचलायला लागली तर उत्तर मिळालं, मग येताना लांब सैल लगामावर, हात खाली ठेवून चालवायची सवय लावायला हवी, आणि ती सवय शेताच्या कुंपणातच लावायची, रस्त्यावर नाही.

रस्त्यावर मात्र एक गोष्ट रोज करायची. घराकडे चालताना तिनं चाल मोडून दुडकी धरली की तोंड घराकडून फिरवायचं. एका लगामानं, सावकाश, मोठ्या वळणानं आठ-दहा मीटर रुंद गोल, आणि परत देवळाच्या दिशेनं ३०-४० पावलं चालवायचं. मान खाली सोडून, फुरफुरून, मोकळी चालायला लागली की परत घराकडे. परत दुडकी, परत वळवा. रागावायचं नाही, टाच नाही, आवाज नाही. चालीनं गेलं की घर जवळ येतं, घाई केली की लांब जातं, एवढंच तिला समजायला हवं आणि ते समजायला घोडी हुशारच असतात. डांबरावर गोल फिरवू नका, नाल घसरतात, कालव्याच्या मातीच्या पट्टीवर करा, आणि पाण्याच्या कडेला नको, आतल्या बाजूला.

पहिल्या दिवशी याला अतोनात वेळ लागतो. म्हणून ४ किलोमीटर विसरा, सध्या फक्त ५०० मीटर जा, आणि ज्या दिवशी ऑफिसची घाई नाही त्या दिवशी सुरू करा, कारण तुम्ही घड्याळ बघायला लागलात की ते तिला बसल्या जागी कळतं.

आता येतानाचं सगळं बक्षीस घरी आहे ते थोडं थोडं बाहेर वाटून टाका. देवळापाशी पोचलं की वळू नका, उतरा. तंग एक भोक सैल करा, मोहरकीच्या, म्हणजे तोंडावर बांधायच्या पट्ट्याच्या, दोरीवर दहा मिनिटं चरू द्या, तुम्हीही बसा. तिला बाहेर जायला काहीतरी कारण मिळू दे. मग परत बसून लगेच घराकडे न जाता अजून पन्नास पावलं पुढे जा आणि मग वळा. रोज वळायची जागा बदला, कधी अलीकडे, कधी पलीकडे. जमलं तर त्याच रस्त्यानं परत येऊच नका, तुमच्याकडे शेतांमधून पाणंद असेल, वर्तुळ करून या. आणि दुडकी हवी असेल, पळवायचं असेल तर ते सगळं जाताना करा, येताना फक्त चाल. घराकडच्या वाटेवर एकदा जरी मजेखातर सोडली ना, महिनाभराचं काम वाहून गेलं असं समजा. घोडदळातली जुनी पद्धतही हीच आहे, पहिला टप्पा चालीनं आणि शेवटचा टप्पा चालीनं, आणि घर जवळ आलं की स्वारानं उतरून लगाम हातात धरून चालायचं. तुम्ही शेवटचा अर्धा किलोमीटर उतरून चाला, तिच्या खांद्याशी, पुढे नाही. तुम्हाला वाटेल मी हार मानली, अजिबात नाही, घोडी थंड होऊन घरी येते आणि घर म्हणजे वेग हे गणित मोडतं.

फाटकापाशी आलात तरी कधी कधी आत न जाता पुढे निघून जा, पलीकडच्या वाटेनं दोनशे मीटर, मग परत. आत आल्यावर खोगीर लगेच उतरवू नका, अंगणात पाच-दहा मिनिटं वळणं, थांबणं, मागे सरकणं असं साधं काम करा, मग सावलीला बांधून पंधरा मिनिटं उभी ठेवा, नुसती. पाणी अडवू नका, पाणी प्यायचं तर पिऊ दे. चंदी मात्र निदान तासाभरानं, अंग पूर्ण सुकल्यावर. तुमच्या ऑफिसच्या वेळेत हे बसत नसेल तर चंदीचं काम घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवा, उलट ते बरंच, तुमचा आणि चंदीचा संबंध तुटेल.

ती खरंच शांत झालीये की नुसती दमून गप्प उभी आहे हे कळायला जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवून नाडी मोजायला शिका. निवांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ पर्यंत असते. घरी येऊन २०-२५ मिनिटं झाल्यावरही ६० च्या वर असेल तर त्या दिवशी तिला जास्त झालंय, चालीनं आलेल्या घोडीचं असं व्हायला नको.

म्हाताऱ्या घोड्याचं वेगळं काम आहे. तुम्ही घोडी घेऊन निघालात की त्याच्या पुढे भरपूर चारा असू दे, आणि शेडमध्ये एखादी शेळी किंवा म्हैस शेजारी असेल तर तो कमी ओरडतो. दिवसातून दोनदा घोडीला हातात धरून नुसतं शेडच्या मागे न्या, तो दिसणार नाही इतकं, ती अस्वस्थ व्हायच्या आत परत आणा. आज दोन मिनिटं, चार दिवसांनी पाच. अस्वस्थ झाल्यावर परत आणलंत तर ती अस्वस्थ व्हायला शिकेल, त्यामुळे वेळ तुम्ही ठरवायची. ओळखीचं कोणी घोडं असलेलं असेल तर आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून जा, येताना तिला मागे ठेवा आणि शर्यत लावायचा मोह आवरा.

जाताना मोरीपाशी थांबली तर काठी नको. लगाम लांब सोडा, बघू दे. ती बघत असेल तोपर्यंत थांबा, मान खाली आली, ओठ चाटले, श्वास सुटला की एक पाऊल मागा, एकच. दिलं की लगेच पाय सैल. पण बघायचं झालंय आणि ती घराकडे तोंड फिरवतीये असं असेल तर ज्या बाजूला फिरली त्याच्या उलट बाजूनं परत सरळ करा, तिथे उभं राहू द्यायचं पण घराकडे एक पाऊल नाही. मागचे पाय रोवून पुढचे उचलत असेल तर मात्र हे एकटीनं करू नका, जाणत्या माणसाला बरोबर घ्या.

आणि हो, घोडी आहे, दिवस मोठे झाले की साधारण दर तीन आठवड्यांनी माजावर येते, त्या पाच-सात दिवसांत सगळं शिकवलेलं विसरल्यासारखं वागली तर कॅलेंडरवर खूण करून ठेवा, तेवढे दिवस जवळच फिरवा.

मुलीबद्दल. आत्ता रस्त्यावर अजिबात नाही, हट्ट केला तरी नाही. कुंपणाच्या आत, तुम्ही मोहरकीची दोरी धरून, चालीवर, एवढं करायला हरकत नाही, आणि म्हाताऱ्या घोड्यावर तर अजून बरं. डोक्यावर घोडेस्वारीचं हेल्मेट हवंच, हनुवटीखालचा पट्टा लावून, आणि पायात थोडी टाच असलेला बूट, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडली तर अडकून फरफटते. लगाम हाताला गुंडाळायचा नाही हे तिला पहिल्या दिवशीच सांगा, तुम्हीही गुंडाळत असाल तर बंद करा, हात सोलवटल्याचं वाचून मला तीच शंका आली. तुम्ही स्वतःही हेल्मेटशिवाय जाऊ नका आणि मोबाइल खोगिराच्या पिशवीत नको, अंगावर ठेवा, घोडी घरी आली आणि तुम्ही कालव्यावर राहिलात तर मोबाइल तुमच्याकडे हवा. मुलीला रस्त्यावर कधी न्यायचं ते असं ठरवा, तुम्ही स्वतः सैल लगामावर, फाटकापर्यंत, सलग महिनाभर चालीनं परत आलात की मग विचार करू.

हे सगळं किती दिवसांत, तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागेल असं मला वाटतं, पक्कं व्हायला दोन-तीन महिने धरा, आणि मधे एखादा आठवडा असा येईल की सगळं मागे गेल्यासारखं वाटेल, तेव्हा परत ५०० मीटरवर या.

पशुवैद्याला पहिल्यांदा बोलवा, बाकीचं त्यानंतर. दातांत आणि पाठीत काय निघालं, आणि शेतात लगाम वर घेतल्यावर तिनं पाय उचलले का, एवढं दोन ओळींत कळवा, म्हणजे कडी कुठली घालायची ते त्याप्रमाणे सांगते.